शेवटच्या चित्रावरचा कागद

कुमुद गेल्याचा फोन आला तेव्हा मी इस्त्री करत होते. फोन तिच्या मुलीचा, अंजूचा होता. "सुधामावशी, आई गेली... पहाटे हॉस्पिटलमधून कॉल आला. मी ग्लासगोहून निघतेय, ट्रेनमध्ये बसले की परत करते." मी बरं म्हटलं, इस्त्रीचं बटण बंद केलं, अर्धी राहिलेली उशीची खोळ घडी घालून ठेवली आणि मग खुर्चीवर बसले. आदल्या दुपारी मी तिला भेटून आले होते. जेवणाच्या ट्रेमधल्या कस्टर्डमध्ये चमचा उभा करून ती म्हणाली होती, "बघ, माझ्यापेक्षा चांगली खळ जमलीय यांना." आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच. यापेक्षा काही गंभीर बोललो असतो तर बरं, असं मला वाटत नाही.

खळ का, ते सांगायला हवं. हे मी मुख्यतः माझ्या नातवंडांसाठी लिहिते आहे. ईशान आणि रमा आता पुण्यात असतात, मी इथे इंग्लंडमध्ये लेस्टरलाच आहे, आणि वर्तमानपत्राची ही पुरवणी दर रविवारी त्यांच्या घरी येते. मुलांनो, तुमच्या कुमुदआजीने इथल्या एका लायब्ररीच्या बालविभागात जन्म काढला. फाटलेली पुस्तकं दुरुस्त करणं हे तिचं काम. लायब्ररीतून चिकटपट्टी मिळत असे, पण ती काही वर्षांनी पिवळी पडून पानाला डाग पाडते म्हणून कुमुद घरीच मैद्याची खळ शिजवायची. तिच्या फ्रिजमध्ये खळीची बरणी दह्याच्या भांड्याशेजारी असे. एकदा तिच्याकडे कढी करताना मी बरणी उचलली, तर ती मागून ओरडली, "अगं सुधा, पाहुण्यांची तोंडं चिकटवायचीयत का?"

आमची ओळख त्या लायब्ररीतच झाली. मी इथे नवी होते, शाळेत नोकरी शोधत होते, आणि काउंटरमागे साडीवर कार्डिगन घातलेली एक बाई एका जाडजूड पुस्तकाच्या कण्याला पांढऱ्या कापडाची पट्टी लावत बसली होती. ते युरोपातल्या जुन्या परीकथांचं पुस्तक होतं. तसलंच मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये वाचलं होतं. बोटांसारखी मुळं पसरलेली काळी झाडं, आजीची टोपी घालून पांघरुणात शिरलेला लांडगा, वाकड्या नाकाची चेटकीण, आणि सगळ्यावर धुक्यासारखे फिकट जलरंग. अशा पुस्तकांत रंगीत चित्रांवर एकेक झिरझिरीत कागद असतो. तो उचलला की चित्र दिसतं. कुमुद शनिवारी सकाळी मुलांना गोष्टी सांगायची, तेव्हा या कागदाचा फार धोरणाने उपयोग करायची. खाली चित्र अंधूक दिसत असे आणि गोष्ट त्या जागी येईपर्यंत ती कागद उचलू द्यायची नाही. गुजराती, पंजाबी, इंग्रज, सगळी मुलं गालिच्यावर माना लांबवून बसत. "चित्र आधी पाहिलं की मुलं गोष्ट ऐकायची थांबतात," असं तिचं मत होतं. मी शिक्षिका, मला ते पटलं नव्हतं. पण माझ्या वर्गापेक्षा तिच्या गालिच्यावर शांतता जास्त असे, हेही खरं.

एक चित्र मात्र ती कधीच उघडायची नाही. पुस्तकातलं शेवटचं, राजकन्येच्या लग्नाचं. "आणि मग त्यांचं लग्न झालं," म्हणून पुस्तक मिटायची. मुलं कुरकुर करायची, "मिस, लास्ट वन!" ती म्हणायची, "लग्नाची जेवणं संपली. गो होम नाऊ." बरीच वर्षं मला ती घाईच वाटत होती. कारण मला तिच्या स्वयंपाकघरात, वांगी चिरता चिरता कळलं. कुमुद वाईची. ती लहान असताना वडिलांच्या एका स्नेह्याने असलंच एक पुस्तक घरी ठेवायला दिलं होतं. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून ती चित्रांवरून गोष्टी रचायची. त्यांच्या घरात विधवा आजी लाल आलवणात होती, आणि तरुणपणीच नवरा गेलेली धाकटी काकू पांढऱ्या लुगड्यात. शेवटच्या पानावर राजकन्या पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर पांढरं वस्त्र, मान खाली. कुमुदला एकच अर्थ लागला. एवढं सगळं सोसून शेवटी राजपुत्र मेला! ती हुंदके देऊन रडली आणि घरात कुणालाच कळेना की पोरीला झालं काय. कॉलेजात गेल्यावर खरं कळलं. सांगताना ती मनापासून हसायची. पण कागद उचलायची नाही ती नाहीच.

अंजू सात वर्षांची असताना तिचे बाबा गेले. तेव्हा अंजूची आत्या सुटकेसमधून एक पांढरी, बारीक काठाची सुती साडी घेऊन आली होती. कुमुदने ती ठेवून घेतली, आभार मानले, आणि दुसऱ्या दिवशी कामावर नेहमीची जांभळी नेसून गेली. ती पांढरी साडी फाडून तिने तिच्या पट्ट्या केल्या. पुस्तकांच्या कण्याला आतून असलं कापड लागतंच. मी पहिल्यांदा तिच्या हातात पाहिली ती पट्टी त्याच साडीची.

अंजू डॉक्टर होऊन ग्लासगोला गेली आणि तिथल्याच कॅलमशी तिचं लग्न ठरलं. कुमुदला मुलगा आवडला होता, चर्चलाही तिची हरकत नव्हती. अंजू ड्रेसचा फोटो घेऊन आली तेव्हा मी तिथेच होते.

"पांढरा नको," कुमुद म्हणाली.

"आई, इट्स जस्ट अ ड्रेस! रिसेप्शनला मी रेड साडी नेसणार ना."

"मग तीच आधीपासून नेस."

"तूच मला लहानपणी त्या सगळ्या प्रिन्सेसच्या गोष्टी सांगितल्यास!"

"गोष्टीतल्या मुलींना आया नसतात, म्हणून त्या काहीही घालतात. अंजू, तुझे बाबा गेले तेव्हासुद्धा मी पांढरं अंगाला लावलं नाही. आणि तू हौसेने घालणार? मी येणार नाही. आशीर्वाद इथूनच देईन."

अंजूने मावशीकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कुमुद, इथली रीत आहे ती." "रीत मला माहीत आहे," ती म्हणाली, "मी काही अडाणी नाही. पण डोळ्यांना कोण सांगणार?" अंजू चहा न घेता निघाली आणि मग तिचे फोन थांबले. कुमुद त्याच सुमारास निवृत्त झाली. लायब्ररीने रद्दीत काढलेलं ते जाड पुस्तक तिने घरी आणलं होतं. लग्नाचं आमंत्रण फ्रिजवर मॅग्नेटखाली होतं, पण त्याविषयी ती बोलत नव्हती, आणि मी विचारणं सोडलं होतं.

आता रमा, तुला आठवणार नाही अशी गोष्ट सांगते. तुम्ही पुण्याला जाण्याआधीची. तू चार वर्षांची होतीस आणि एका दुपारी कुमुदआजीच्या मांडीवर बसली होतीस. गोष्ट संपली, तिने नेहमीप्रमाणे पुस्तक मिटायला घेतलं, पण तुझं बोट आधीच त्या शेवटच्या कागदाखाली गेलं होतं. कागद टर्रकन फाटला. मी तुला रागावणार इतक्यात तू विचारलंस, "ही कोण आजी आहे?"

"कुठली आजी? ती राजकन्या आहे," कुमुद पानाकडे न बघताच म्हणाली.

"ती नाही गं. तिच्या मागे. फ्रॉक धरलाय ना, ती!"

कुमुदने चष्मा लावला. मीही वाकून पाहिलं. चर्चच्या दगडी पायऱ्या होत्या, पायऱ्यांवर पाणी आणि चिखल होता, आणि राजकन्येच्या मागे, अगदी कडेला, तपकिरी शालीतली एक म्हातारी कमरेत वाकून तिच्या पांढऱ्या झग्याचा घोळ दोन्ही हातांनी चिखलावरून उचलून धरत होती. चित्रकाराने तिचा चेहरासुद्धा नीट काढला नव्हता. फक्त हात काढले होते, चांगले काढले होते. कुमुद बराच वेळ बघत राहिली. "ही होती इथे... पहिल्यापासून?" एवढंच म्हणाली. मग तुला बिस्किट दिलं, मला म्हणाली, "ग्लासगोची तिकिटं तू बघशील का? मला ते वेबसाइटचं जमत नाही."

लग्नाच्या दिवशी ग्लासगोत पाऊस होता. तिथे असतोच. चर्चच्या पायऱ्या ओल्या होत्या. अंजू गाडीतून उतरली आणि कुमुद मोरपंखी पैठणी नेसलेली, गुडघे दुखत असताना, तिच्या मागे वाकली आणि पांढरा घोळ दोन्ही हातांत गोळा करून एकेक पायरी चढू लागली. अंजूने वळून पाहिलं. "आई, सोड, ब्राइड्समेड्स करतील." फोटोग्राफरनेही तिला जरा बाजूला व्हायला सांगितलं. "नाही," कुमुद म्हणाली, "मी इथेच असते." फोटोत ती कडेला आली आहे, अर्धी कापली गेली आहे. हात मात्र पूर्ण दिसतात.

परवा अंजूने घर आवरलं आणि ते पुस्तक मला आणून दिलं. घरी आल्यावर मी सगळी पानं तपासली. मला तशी सवय आहे. प्रत्येक चित्रावरचा झिरझिरीत कागद जागच्या जागी आहे. काहींच्या कडा खळीने इतक्या सफाईने जोडल्या आहेत की उजेडात धरल्याशिवाय कळत नाही. शेवटच्या चित्रावर कागद नाही. कण्याजवळ फाटलेली वेडीवाकडी कड तेवढी शिल्लक आहे, आणि तिच्या आत पांढऱ्या सुती पट्टीचे धागे दिसतात. जन्मभर दुसऱ्यांनी फाडलेलं जोडणाऱ्या बाईने एवढं एक तसंच ठेवलं.

मी ते पोस्टाने पाठवणार नाही. उन्हाळ्यात याल तेव्हा दाखवीन. माझ्या टेबलावर आहे ते. हातात घेतलं की कुठल्याही गोष्टीवर न थांबता थेट शेवटच्या चित्रावर उघडतं.