घराचं नाव कमी करण्याबाबत

आमच्या घराचं नाव शहराच्या वारसा यादीत यावं म्हणून माझ्या नवऱ्याने वर्ष-दीड वर्ष खेटे घातले होते. तेच नाव यादीतून निघावं म्हणून पुढे मी त्याहून जास्त घातले.

हे एका आर्किटेक्टच्या कचेरीत आरेखक होते. डेक्कनकडच्या एका गल्लीतलं आमचं दुमजली दगडी घर त्यांच्या आजोबांनी बांधलेलं. पुढे अर्धगोल सज्जा, आत सागवानी जिना, खिडक्यांच्या वरच्या तावदानांना हिरव्या-पिवळ्या काचा. निवृत्त झाल्यावर यांनी अख्खं घर टेप लावून मोजलं, नकाशे काढले आणि सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. नाव यादीत आलं तेव्हा गल्लीत पेढे वाटले. मी शाळेत मराठी शिकवायचे. तो अर्ज मी तपासून दिला होता आणि त्यात एकही चूक सापडली नव्हती.

त्यानंतर चार वर्षांनी यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एकच शब्द उरला, ‘बरोबर’. चहा देऊ का, बरोबर. पाय दुखतोय का, बरोबर. बाकी सगळं मला चेहऱ्यावरून ओळखावं लागे.

आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. खाली बुकबाइंडिंगचं जुनं दुकान होतं. भाडेकरू सज्जन होते, पण पन्नास वर्षांची जागा सोडायला तयार नव्हते, आणि त्यांनी ती का सोडावी? आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला जायचं असे. कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडवरचे दोघे जण यांना खुर्चीत बसवून खुर्चीसकट खाली उतरवायचे. जिना अरुंद, मध्ये वळण. एकदा त्या वळणावर पुढच्याचा पाय झिजलेल्या पायरीवरून घसरला. खुर्ची कलंडली. यांनी डाव्या हाताने कठडा धरला आणि तसेच लोंबकळत राहिले. मी वरून बघत होते. त्यांच्या तोंडून ‘बरोबर, बरोबर’ एवढंच बाहेर पडत होतं.

लागलं फारसं नाही, पण ते दोघे पुन्हा आले नाहीत. मी स्टँडवर गेले तर त्यातला थोरला मान खाली घालून म्हणाला, “बाई, आमच्या हातून काही बरं-वाईट झालं तर तुम्हाला तोंड कसं दाखवायचं?” 

तेव्हापासून हे घरातच अडकले. फिजिओथेरपिस्ट बाई घरी यायला तयार झाल्या, पण महिन्यातून दोनदाच. पाय दिवसेंदिवस काठीसारखा होत चालला. मुलगी हिंजवडीला नोकरी करते. तिच्या दोन खोल्यांत सासू-सासरे, दोन मुलं. ती रविवारी यायची आणि प्रत्येक वेळी तेच म्हणायची, “आई, लिफ्ट लाव नाहीतर घर सोड. प्रॅक्टिकल हो.”

लिफ्ट लावायची तर ती पुढूनच लागणार होती, मागे शेजाऱ्यांची भिंत. पुढे लावली की सज्जा झाकला जाणार. यादीतल्या घराचा दर्शनी भाग बदलता येत नाही, असं मला कार्यालयात नीट समजावून सांगितलं गेलं. पेन्शन औषधांत आणि मदतनीस बाईत संपायची, वेगळी जागा भाड्याने घेणं शक्य नव्हतं. एक बिल्डर जुनं पाडून नवं बांधायला तयार होता. तोवर राहायला जागा देणार, खालच्या दुकानालाही गाळा देणार. अट एकच, आधी यादीतून नाव काढून आणा.

मग मी अर्ज लिहायला बसले. आयुष्यभर मुलांना ‘माझे घर’ हा निबंध लिहायला लावला होता. आता माझ्या घरात जपण्यासारखं काहीही नाही, हे मला मुद्देसूद लिहायचं होतं. काचा फुटल्यात असं लिहिलं. दोनच फुटल्या होत्या. जिन्याला वाळवी लागली आहे असं लिहिलं. ती कुठेच नव्हती. यांना काही सांगितलं नाही. दिलेल्या अर्जाची प्रत गहू-तांदळाच्या डब्यांमागे ठेवायचे.

सुनावणीला समितीच्या एक बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली. आत यांचा अर्ज होता, यांचे नकाशे होते. पायऱ्यांच्या कडा, सज्ज्याला आधार देणारे कंस, सगळं बारीक पेन्सिलीने काढलेलं.

“हे आपल्याच घरातून आलेलं आहे,” त्या म्हणाल्या. “इतकं मनापासून केलेलं काम मी क्वचित बघते. मग आता काय झालं?”

तयार करून नेलेलं सगळं मी विसरले. म्हटलं, “हे काढलं तेव्हा ते जिना उतरू शकत होते.”

त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, की घर प्रत्यक्ष बघावं लागेल आणि मालकांची, म्हणजे यांची, संमतीही लागेल.

त्या घरी आल्या त्या दिवशी मी यांना स्वच्छ सदरा घातला. मी सोडून दुसरं कोणी आपलं घर बघायला आलंय, एवढं त्यांना कळलं आणि चेहरा उजळला. त्यांनी डाव्या हाताने बाईंना जवळ बोलावलं, खिडकीकडे बोट केलं. मग तुळईकडे, मग दाराच्या बिजागरीकडे. खुर्ची ढकल म्हणून मला खुणावलं. जिन्याच्या तोंडाशी येऊन कठड्यावर तळवा फिरवत त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, “बरोबर?” मी मागे उभी राहून माझाच अर्ज खोटा ठरताना बघत होते. मला त्यांचा हात धरून खाली दाबावासा वाटला. हे आठवलं की आजही लाज वाटते.

बाईंनी हळूच विचारलं, “काकांना माहीत आहे ना, की नाव वगळण्याचा अर्ज आहे?”

मी हो म्हणाले. त्यांना ऐकू येत होतं. कठड्यावरचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग बाई जाईपर्यंत कुठेच पाहिलं नाही.

दोन दिवस ते जेवले नाहीत. घास पुढे केला की ओठ मिटायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी माझा धीर सुटला. मी डब्यांमागून अर्जाची प्रत काढली आणि त्यांच्या पुढ्यात टाकली. “वाचा,” म्हटलं. “सगळं खोटं लिहिलंय मी. अजून लिहीन. अहो, तुम्ही इथे माझ्या डोळ्यांसमोर वाळत चाललात, आणि मी सज्जा सांभाळू?” मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडले. रडणं थांबेना, म्हणून नळ सोडून ठेवला.

बाहेर आले तेव्हा ती प्रत त्यांच्या मांडीवर होती आणि डाव्या हातात पेन्सिल. वाळवीच्या वाक्यावर त्यांनी वाकडी रेघ मारली होती. काचांच्या वाक्यावरही. खाली जिन्याचं वळण काढलं होतं, लहान मुलाने काढावं तशा थरथरत्या रेघांनी. त्यात एक खुर्ची होती. तिचा एक कोपरा भिंतीत घुसला होता. बाजूला जिन्याची रुंदी लिहिली होती, फुटांत आणि इंचांत. मी टेप आणून मोजली. अर्धा इंचही चूक नव्हती.

चित्राचा भाग कापून घेऊन मी बाकीचा कागद फाडला आणि कार्यालयातला जुना अर्ज मागे घेतला. नव्यात जिन्याची रुंदी, खुर्चीची रुंदी आणि यांची तब्येत एवढंच लिहिलं, चित्र सोबत जोडलं. संमतीच्या जागी त्यांनी डाव्या हाताने सही केली. अंगठा पुढे केला नाही.

निर्णय यायला आणखी वर्ष गेलं. रीतसर टप्पे असतात, हरकती मागवाव्या लागतात, समितीच्या बैठका व्हाव्या लागतात. त्या वर्षात यांचा गुडघा आखडला. आता आधाराने उभं राहणंही होणार नाही, असं फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आणि मग पत्र आलं. घराची संपूर्ण नोंद आणि छायाचित्रं जमा करण्याच्या अटीवर नाव वगळलं होतं. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

घर सोडताना बिल्डरची चार माणसं होती, पट्टे होते. त्यांनी यांना सुखरूप उतरवलं. तेव्हाही सगळा वेळ यांचे डोळे मिटलेलेच होते.

आता आम्ही कर्वेनगरला एका सोसायटीत आहोत, नवं घर होईपर्यंत बिल्डरने दिलेल्या जागेत. लिफ्ट प्रशस्त आहे. संध्याकाळी मी व्हीलचेअर फाटकाशी नेते. क्लास सुटलेली मुलं, भाजीची गाडी, दुचाक्या, सगळं समोरून जातं. पहिल्या आठवड्यात वाटलं, बघतील, हळूहळू रमतील. ते बघत नाहीत. पंधरा मिनिटं झाली की डावा हात वर करतात, म्हणजे परत चल. जुनं घर पाडून झाल्याचं मुलीने फोनवर सांगितलं, ते मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलेलंही नाही. काल मी त्यांच्या हातात पेन्सिल देऊन पाहिली, पुढे कोरा कागद ठेवला. त्यांनी पेन्सिल थोडा वेळ धरली, मग माझ्या हातात परत दिली.