पॉइंटमामांचा दर

पॉइंटमामा घरात आले की आधी घर गप्प करायचे. पंखा बंद, टीव्ही बंद, फ्रीजचा प्लग काढलेला. मग ते हॉलच्या मधोमध उभे राहायचे. चपला दाराबाहेर, हात मागे बांधलेले, डोळे अर्धवट मिटलेले. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा त्यांच्या पायांशी येऊन पडलेला असायचा आणि त्यात धुळीचे कण सावकाश वरखाली होत असायचे. अशा वेळी काही विचारलं तर ते नुसता हात वर करायचे. थोड्या वेळानं एकेक बटण चालू करायला सांगायचे आणि मान कलती करून ऐकायचे. घराला इतके आवाज असतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ट्यूब गुणगुणते, पंखा उसासा टाकतो, एखाद्या बोर्डामागे किडा लाकूड कुरतडत असावा तशी बारीक चरचर होते. मामा त्या चरचरीपाशी जाऊन भिंतीवर हलकेच बोट ठेवायचे. "इथं," एवढंच म्हणायचे.

त्यांचं खरं नाव भिंगारमध्ये फार थोड्यांना माहीत होतं. वायरमन लोक कामाची मजुरी पॉइंटावर घेतात. एक दिवा म्हणजे एक पॉइंट, एक पंखा म्हणजे एक, प्लगचा आणखी एक. मामा कुणाच्याही घरी गेले की छताकडे बघत पुटपुटत पॉइंट मोजायचे, त्यावरून हे नाव पडलं. लहान मुलांना ते आडनावच वाटायचं. मूळचे ते तिसगावचे. तरुणपणी लष्कराच्या एका कार्यालयात रोजंदारीवर लागले, तिथं वायरिंग शिकले आणि पुढं भिंगारलाच राहिले.

आमची ओळख घर बांधताना झाली. मी सुप्याच्या एका कारखान्यात हिशेबखात्यात होते. वडील गेल्यावर गावाकडून आईला आणलं आणि कर्ज काढून भिंगारमध्ये दोन खोल्यांचं घर बांधायला घेतलं. भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला, आणि एका दुपारी मामा सायकलवरून आले. अजून गिलावा नव्हता. विटांचा ओलसर वास होता आणि दारं नसलेल्या चौकटींतून वारा आरपार जात होता. मामा एकेका खोलीत नुसते उभे राहिले. आईला विचारलं, आक्का, तुम्ही झोपणार कुठं, देवघर कुठं, पहाटे उठल्यावर आधी कुठलं बटण लावणार. घर अजून झालंच नव्हतं आणि हा माणूस त्यात आम्हाला वावरताना बघत होता. आई तर इतकी रंगली की नसलेल्या ओट्यापुढं उभी राहून तिनं त्यांना मिक्सर कुठं ठेवणार तेही दाखवलं.

मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढून विटेवर दर लिहिला. पॉइंटाला अडीचशे मजुरी, सामान आमचं. मेन बोर्डाचे दीड हजार. आणि खाली, थोडं अंतर सोडून, अर्थिंगचे सामानासकट साडेचार हजार. ते कसले, असं मी विचारलं. घराच्या मागं माणूसभर खड्डा घ्यायचा, त्यात तांब्याची पट्टी पुरायची, मीठ-कोळसा भरायचा आणि तिथून हिरवी वायर प्रत्येक प्लगपर्यंत न्यायची, असं त्यांनी समजावलं. कुठं करंट उतरला तर तो माणसात न जाता जमिनीत जातो. मी म्हटलं, मामा, थोडं कमी करा. पॉइंटाचे त्यांनी लगेच दहा रुपये कमी केले. अर्थिंगचं मात्र न्हाई म्हणाले.

"ताई, दिव्याचे पैसे दिव्यात दिसतात. याचे कधीच दिसत न्हाईत. म्हणून त्यात घासाघीस करू नये."

मला ते तेव्हा बोलबच्चन वाटलं. महिन्याचा हप्ता डोळ्यांपुढं होता. ऑफिसमधल्या कुणीतरी दुसरा वायरमन सुचवला. त्यानं पॉइंटाला एकशे ऐंशी सांगितले. अर्थिंग आत्ता करायचं की नंतर, असंही विचारलं. मी म्हटलं, नंतर बघू. निर्णय माझा होता, हे इथं सांगून टाकलेलं बरं. मामांना निरोप पाठवायचंही धाडस झालं नाही. ते एकदा सायकलवरून रस्त्यानं जाताना दिसले. आत दुसऱ्याचं काम चाललेलं त्यांना दिसलं असणार. ते थांबले नाहीत.

दीडेक वर्ष काही झालं नाही. घर छान उजळायचं. मग थंडीतल्या एका सकाळी, मी कंपनीच्या बसला निघायच्या तयारीत असताना, न्हाणीघरातून बादली पडल्याचा आवाज आला. आई जमिनीवर बसली होती. गिझरच्या नळाला हात लावला आणि कुणीतरी ढकलून दिल्यासारखं झालं, म्हणाली. उजवा हात खांद्यापर्यंत बधिर झाला होता, ओठ पांढरे पडले होते. ती मागं फेकली गेली म्हणून सुटली. हात नळाला चिकटून राहिला असता तर, हे वाक्य मी कितीतरी दिवस पूर्ण होऊ दिलं नाही. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं. दुपारी मी मामांना फोन केला आणि एवढंच म्हटलं, आई वाचली.

अर्ध्या तासात ते आले. या वेळी त्यांनी ऐकलंबिकलं नाही. आधी आईच्या खाटेपाशी बसले, तिचा हात हातात घेऊन बोटं हलवायला लावली. मग मेन स्विच पाडून गिझरचा प्लग उघडला आणि मला बोलावलं. आत हिरवी वायर होती. बोटभर ठेवून पुढं कापून टाकलेली.

"दिसायला हाय," ते म्हणाले. "जात कुठंच न्हाई."

एवढंच. तुम्ही त्या वेळी असं केलंत, तसं केलंत, यातलं अक्षरही नाही. मीच बोलू लागले तर म्हणाले, आधी आक्कांना चहा करून द्या.

दोन दिवस त्यांनी परसात काम केलं. गड्याकडून खड्डा घेतला. मीठ-कोळशाचे थर मात्र स्वतः बसून, तळहातानं दाबत भरले, घरातली बाई लोणच्याची बरणी भरते तसे. हिवाळ्यातलं ऊन कोवळं होतं, आई बाजेवर शाल घेऊन बसलेली, आणि दोघांचं पिकापाण्याचं बोलणं चाललेलं. मध्येच नुसता थापटण्याचा आवाज यायचा. ते दोन दिवस मला एखाद्या लांबच लांब दुपारीसारखे आठवतात. शेवटी मी भीतभीत पैसे विचारले. तोवर तांबं महागलं होतं. फोडलेल्या भिंती बुजवायच्या होत्या, काम दुप्पट झालं होतं. मामांनी साडेचार हजारच सांगितले. मी जास्त देऊ केले तर म्हणाले, दर आधी सांगितलेला होता.

त्यानंतर ते आमच्या घरचेच झाले. बेल बंद पडली, पंखा अडखळला, की मामा. नुसतं येण्याचे दीडशे ते हक्कानं घ्यायचे. दोनच मिनिटांचं काम होतं असं शेजारणीनं एकदा म्हटलं, तेव्हा ते हसून म्हणाले, दोन मिनिटांत व्हायला चाळीस वर्षं लागली, बाई. पण आधी दर सांगितल्याशिवाय त्यांनी कधी पेचकस लावला नाही आणि सांगितल्यावर कधी वाढवला नाही. ऑफिसात कुणी घर बांधायला काढलं की वायरिंगला किती येतील असं मला विचारतात. मी आकडे सांगते, आणि अर्थिंगला किती हे आधी विचारा असं बजावते.

मग त्यांचे हात कापू लागले. एकदा आमच्याकडे स्टुलावर चढले, होल्डरपर्यंत हात नेला आणि तसेच खाली उतरले. मला न्हाई जमायचं आता, म्हणाले, आणि भिंगारमधल्या एका चांगल्या वायरमनचा नंबर लिहून दिला. पंधरा दिवसांनी कळलं की ते तिसगावला मुलीकडे राहायला गेले.

पुढच्या उन्हाळ्यात, मामांना भाऊ मानणारी आई हट्टानं म्हणाली, भावाला बघून येऊ. करंजीचा घाट ओलांडून आम्ही गेलो. कडुलिंबाच्या सावलीत मामा बाजेवर बसले होते, खूप बारीक झालेले. मागं उघड्या दारातून भिंतीवरची बुद्धाची तसबीर दिसत होती. मुलीनं सरबत दिलं. लिंबाची फुलं संथपणे गळत होती, आमच्या केसांवर, ग्लासांत. बोलता बोलता आईनं सहज विचारलं, भाऊ, तुम्ही त्या खड्ड्यापायी एवढं का अडून बसायचा?

मामांनी हातातला ग्लास खाली ठेवला. मग आईकडेच बघत, हळू आवाजात त्यांनी सांगितलं. धंद्यातलं पहिलं-दुसरंच वर्ष. एका वस्तीवर घराचं काम घेतलं होतं. मालक म्हणाले, अर्थिंग पुढच्या वर्षी करू. हातचं काम जाईल म्हणून मामा बरं म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात त्या घरच्या सुनेनं चालू कूलरमध्ये पाणी ओतलं, आणि करंट तिच्यातून गेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

"मला कुणी बोललं न्हाई," ते म्हणाले. "मालकच उलट माझ्यापाशी रडले. पण ती पोरगी रोज दिसती, आक्का. कुठल्याबी घरात गेलो तरी आधी ती दिसती."

मामांची मुलगी दारात थबकली होती. तिलाही हे नवीन असावं. आई उठली, बाजेवर त्यांच्या शेजारी बसली, आणि त्यांचा कापणारा हात तिनं आपल्या उजव्या हातात धरला.

"भाऊ, तिला रोज आठवता ना," ती म्हणाली, "मग कधीमधी मलाबी आठवत जा. मी जित्ती हाय."

मामांनी मान खाली घातली. त्यांच्या खांद्यांवर लिंबाची फुलं पडत राहिली. आम्ही निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत आले आणि गाडी वळेपर्यंत उभे होते.

दिवाळीनंतर त्यांच्या मुलीचा फोन आला. मामा झोपेतच गेले होते. शेवटी शेवटी त्यांना माणसं नीट ओळखू यायची नाहीत, ती म्हणाली, पण सकाळी डोळे उघडले की विचारायचे, भिंगारच्या आक्का बऱ्या हायेत ना?

मी आईला सांगितलं. ती अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि पदरानं डोळे पुसले.

"म्हंजे आठवलं त्यांनी," ती म्हणाली.