वाळवंटाच्या यादीतून माझं नाव कुणी काढलं

मंडळी, सकाळपासून मन इतकं कडवट झालंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे, पुढच्या महिन्यात मी जैसलमेरजवळ पाच दिवसांच्या वाळवंट ट्रेकला जाणार होते. वय एकसष्ट. बीपीची एक गोळी चालू आहे, पण डॉक्टरांनी जायला हरकत नाही असं लिहून दिलं होतं. तीन महिने रोज पहाटे पाठीवर सॅक घेऊन हिमायतनगर ते टँकबंड चालत होते.

आज सिकंदराबादला आमच्या ग्रुपचा सराव होता. गाईडने यादी वाचली, त्यात माझं नावच नाही. विचारलं तर बिचारा चाचरत म्हणाला, "अम्मा, परसों तुम्हारे बेटे का फोन आया था. बीपी है बोले, नहीं आते बोले. तुम्हारी जगह दूसरे को दे दिये."

मुलगा बंगळूरला असतो. सरावाच्या जागेवरूनच त्याला फोन लावला.

"आई, तुला विचारलं असतं तर तू ऐकलं असतंस का?"

घरी येऊन यांना सांगितलं. पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "मला माहीत होतं. नंबर मीच दिला त्याला."

म्हणजे काल आणि आज पहाटे मी बूट घालत होते, तेव्हा यांना सगळं ठाऊक होतं. दोन्ही दिवस यांनी मला चहा करून दिला आणि "सावकाश जा" म्हणाले.

ट्रेक गेला त्यापेक्षा तो चहा जास्त लागलाय मला. खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं?