पाहुण्यांपुढचा टाकळा

परवा लेकीनं कर्जतच्या बाजारातून टाकळा आणला. "आई, रानभाजी! खत नाही, फवारणी नाही," म्हणत तिनं लसणाची फोडणी दिली. तो उग्र वास आला आणि मी थेट पोशीरच्या आमच्या घरात जाऊन पोचले.

आक्काला बघायला पनवेलचे पाहुणे आले होते. आईनं तांदळाच्या गरम भाकऱ्या आणि ओलं खोबरं घालून टाकळा केला होता. मुलाच्या आईनं ताट बाजूला सारलं. "पावन्यांना पाला वाढता व्हय तुमी? घरात भाजी नाय?" आक्का पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबली.

आप्पा कसनुसं हसले आणि सगळ्यांदेखत आईला म्हणाले, "बटाटे आणायला काय झालं व्हतं गं तुला?"

टाकळा सकाळी त्यांनीच बांधावरून खुडून आणला होता. "हाच कर, पावनं बोटं चाटतील," असंही म्हणाले होते. खाली बघत आईनं ताट उचललं.

नकार आला. आईनं पुन्हा कधी रानभाजी शिजवली नाही. तेव्हा मला त्या बाईचा राग आला होता. आप्पांना जाऊनही आता वर्षं झाली, पण राग येतो तो त्यांचाच.