उकंडराव बेलिफ आणि घाटातली पाटी

त्रेसष्ट-चौसष्ट सालची गोष्ट. उकंडराव बुलढाण्याला कोर्टात बेलिफ होते. समन्सांची पिशवी हँडलला अडकवून ते घाटाखालच्या गावांना जायचे. पण घाटाच्या तोंडाशी आले की सायकलवरून उतरायचे आणि नव्या सुनेला सांभाळून आणावं तशी ती हातात धरून सगळा घाट पायी उतरायचे. कोणी विचारलं तर तिथल्या पाटीकडे बोट दाखवायचे. ‘वेगमर्यादा ताशी पंधरा मैल.’

एके दिवशी न्यायाधीशसाहेबांनी त्यांना आत बोलावलं.

“धामणगाव बढ्याचे पंजाबराव. तिसऱ्यांदा तुमचा शेरा, ‘इसम घरी मिळून आला नाही’. तुम्ही तिथे पोचता तरी किती वाजता?”

“बारा वाजतात, साहेब. घाटात पायी जा लागते ना.”

“पायी? का?”

“पाटी हाये, साहेब. माह्या सायकलले मीटर नाही. मी चौदावर हाओ का सोळावर, मले कसं समजीन? अन् कोर्टाच्याच मानसानं कायदा मोडला तं लोक काय म्हनतीन?”

साहेबांनी हसू दाबलं आणि कपाटातून कायद्याचं पुस्तक काढलं. “ही मर्यादा मोटारींना आहे, उकंडराव. तुमच्या सायकलला इंजिन आहे का?”

“नाही, साहेब.”

“मग ती पाटी तुमच्यासाठी नाही. घंटी, ब्रेक, अंधारात दिवा, डावी बाजू, एवढं सांभाळा. बेफाम चालवून कोणाला धडक दिलीत तर मात्र तुम्हालाही सोडणार नाही.”

दुसरा कोणी खूश झाला असता. उकंडरावांचं तोंड उतरलं. खरी गोष्ट अशी, की नोकरीच्या पहिल्याच वर्षी ते दुसऱ्या वळणावर सायकलीसकट निवडुंगात गेले होते. तेव्हापासून घाट आला की त्यांचं चाक पंक्चर व्हायचं. पाटी लागली आणि पंक्चरची गरज उरली नाही.

घरी त्यांनी बायकोला, अन्नपूर्णाबाईंना, साहेबांचं बोलणं सांगितलं.

“भेव वाटते म्हनून सांगून टाका ना साहेबाले,” बाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

“भेव कायचं? मी कायद्याचं बोलून राह्यलो!”

“हाव. मंग आता कायदा सुटला, तं ब्रेकचे रबर तेवढे नवे घाला.”

रबरं बदलून गुरुवारी सकाळी सात वाजता ते घाटाशी आले, देवाचं नाव घेऊन सायकलवर बसले आणि दोन्ही ब्रेक असे आवळले, की डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बाया मागून येऊन पुढे निघून गेल्या. त्यांतली तानुबाई वळून म्हणाली, “दादा, उतरून चाला. लवकर पोचसान.”

हे मात्र उकंडरावांना झोंबलं. पुढच्या वळणानंतर त्यांनी बोटं जराशी सैल केली. मग आणखी जराशी. वारा सदऱ्यात शिरला, धोतराचा सोगा फडफडला. घंटी वाजवत ते बायांच्या बाजूने गेले आणि घाट संपला तेव्हा आपण मोठ्याने हसतो आहोत हे त्यांचं त्यांनाच कळलं.

धामणगाव बढ्याला पंजाबराव अंगणात बाजेवर बसून निवांत दाढी करत होते. दारात बेलिफ पाहून त्यांचा वस्तरा गालावरच थांबला.

“अरे, नवाची बस तं आजून आली नाही! तुमी कसे आले?”

तेव्हा उकंडरावांच्या डोक्यात उजेड पडला. एवढे दिवस बस त्यांना घाटातच गाठत होती. बेलिफ पायी येतो आहे, ही बातमी तीच आधी गावात आणायची आणि पंजाबराव आरामात शेताकडे निघून जायचे.

“एवढ्या लवकर येनं, हे कायद्यात बसते काय?” साबणभरल्या तोंडाने सही करत पंजाबराव कुरकुरले.

“पुस्तकात पाह्यलं मी,” उकंडराव म्हणाले. “बसते.”

सही तर झालीच होती, म्हणून पंजाबरावांनी चहा सांगितला. उकंडराव बाजेच्या कडेला टेकले. त्यांनी बशी दोन्ही हातांनी धरली, चहा सावकाश संपवला आणि आणखी अर्धा कप मागितला.