पिल्लांची नेमकी संख्या

भाऊसाहेब घटाटे आमच्या खात्यातल्या बेटांच्या शाखेत सोळा वर्षं होते, आणि त्या सोळा वर्षांत त्यांनी एकही बेट पाहिलं नव्हतं. खातं कोणतं ते विचारू नका, माझी पेन्शन अजून चालू आहे. अंदमानातल्या मगरी, कासवं, ओंडके ओढणारे हत्ती, समुद्रावरचे गरुड हे सगळे दिल्लीत त्यांच्या टेबलावर कागद होऊन यायचे आणि भाऊसाहेब त्यांच्यावर शेरे मारायचे. मगरीच्या अंड्यांबद्दल त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. घरात पाल दिसली की मात्र ते कुमुदवहिनींना हाक मारून स्वतः गेटबाहेर जाऊन उभे राहत.

मी हेरंब, त्यांच्या हाताखालचा सहायक. दोघेही फरीदाबादला राहायचो, त्यामुळे चार्टर्ड बसमध्ये जाता-येता दीड दीड तास मी त्यांच्या ताब्यात असे. शेरा कसा लिहावा हे मी त्या बसमध्ये शिकलो. प्रस्ताव कधी नाकारायचा नाही, त्याला फक्त प्रश्न विचारायचा, आणि प्रश्न असा हवा की समोरचा दोन्हीकडून अडला पाहिजे. हीच कला ते घरीही वापरत. सेक्टरात घरोघरी नव्या वस्तू येत होत्या ती वर्षं. वहिनींनी कपडे धुवायचं मशीन मागितलं तेव्हा भाऊसाहेब म्हणाले होते, मळ हातानं निघत असेल तर मशीन कशाला, आणि हातानं निघत नसेल तर मशीनला काय हात आहेत? वहिनी त्यावर तीन दिवस विचार करत होत्या. तोवर शेजाऱ्यांकडे मशीन आलंसुद्धा.

केबल मात्र आली, कारण ती गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून घेतली आणि भाऊसाहेबांना प्रश्न विचारायला कुणी थांबलंच नाही. वहिनी दुपारी जंगलांचे कार्यक्रम बघू लागल्या. एकदा समुद्रगरुडाचा कार्यक्रम लागला होता. उंच झाडावर घरटं, त्यात दोन अंडी, मादी अंड्यांवर बसलेली. अंडी फुटायची वेळ आली आणि फरीदाबादची वीज गेली. परत आली तेव्हा पडद्यावर गेंडे होते. पिल्लं दोन निघाली की एकच, हा प्रश्न त्यांच्या मनातून जाईना. मला त्यांनी तो चार वेळा विचारला. मी सरकारी माणूस, मी म्हटलं माहिती घेऊन सांगतो.

सरकार चार वर्षांतून एकदा नोकराला बायकोसह देशात कुठेही जायचं भाडं देतं. घटाटे दांपत्य दर वेळी वर्ध्याला गेलं होतं, कारण तिथे घर होतं आणि घरी राहायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. शहाण्णव सालच्या डिसेंबरात, निवृत्तीला चार महिने उरले असताना, वहिनींनी जाहीर केलं की या वेळी वर्धा नाही, अंदमान. अठ्ठावीस वर्षांत मी काही मागितलं नाही, असं त्या म्हणाल्या. मशीन सोडून, असं भाऊसाहेब म्हणाले. पण तयार झाले. मग वहिनींनी चांदनी चौकातून एक दुर्बीण घ्यायचं काढलं, आणि भाऊसाहेबांनी चष्मा पुसत विचारलं, नुसत्या डोळ्यांनी दिसत असेल तर दुर्बीण कशाला, आणि दिसत नसेल तर बघणार काय?

दुर्बीण राहिली.

पुढची हकिकत मी दोघांकडून वेगवेगळी ऐकली. जिथे जुळत नाही तिथे मी वहिनींचं खरं धरलं आहे.

भाऊसाहेब फरीदाबादच्या थंडीतला स्वेटर घालून पोर्ट ब्लेअरला उतरले आणि दोन दिवस तो त्यांनी काढला नाही, कारण परतताना थंडी असणारच होती. नावाड्याला त्यांनी इथल्या मगरींची माहिती दिली. नावाड्यानं ती ऐकून घेऊन, साहेबांनी पाण्यात सोडलेला पाय आत घ्यायला सांगितलं. तळाला काच लावलेल्या होडीतून वहिनींनी निळे-पिवळे मासे पाहिले आणि कितीतरी वेळ नवऱ्याचा हात धरून ठेवला. भाऊसाहेबांनी माझ्याशी बोलताना ही गोष्ट वगळली होती. किनाऱ्यावर काढून ठेवलेल्या त्यांच्या ऑफिसच्या बुटातून शंखातला एक खेकडा सावकाश बाहेर आला. भाऊसाहेब म्हणाले, याची फाइल माझ्याकडे नाही.

चौथ्या दिवशी वहिनींनी चौकशा करकरून गरुडाचं घरटं असलेलं ठिकाण शोधून काढलं. एका लहान बेटावर वनखात्याची चौकी होती आणि समोर, पाण्यापलीकडच्या खडकाळ टेकाडावर, एका उंच झाडाला ते घरटं होतं. तिकडे उतरायला बंदी होती, चौकीच्या कट्ट्यावरूनच बघायचं. चौकीवर विजयालक्ष्मी नावाची वनरक्षक होती, तीस-बत्तीस वर्षांची, सहा वर्षं तिथेच. ती वहिनींना म्हणाली की गेल्या आठवड्यात अंडी फुटलीत, आईबाप मासे आणताहेत. किती पिल्लं, असं वहिनींनी विचारलं. विजयालक्ष्मी हसली आणि दोघांना चौकीत घेऊन गेली.

आत भिंतीवर प्लास्टिकच्या पिशवीत घालून एक इंग्रजी पत्र टांगलं होतं. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती ते हिंदीत वाचून दाखवी. तिथे करमणुकीचं दुसरं साधन नव्हतं. दिल्लीचं पत्र होतं. त्यात पहिल्या परिच्छेदात विचारलं होतं की पिल्लांची संख्या दर वर्षी अंदाजे का दिली जाते, नेमकी संख्या कळवावी. दुसऱ्या परिच्छेदात तिच्या दुर्बिणीच्या मागणीला उत्तर होतं. विजयालक्ष्मीनं आवाज जड करून वाचलं, "खाली आंखों से दिखता है तो दूरबीन किसलिए, और नहीं दिखता तो देखेंगे क्या?"

वहिनींनी पत्राकडे पाहिलं नाही. नवऱ्याकडे पाहिलं. भाऊसाहेब खिडकीतून समुद्र बघत होते. पत्राखाली सही होती, शेवटची रेघ मागे नेऊन तिला गाठ मारलेली. वहिनींनी ती अठ्ठावीस वर्षं बँकेच्या कागदांवर पाहिली होती.

विजयालक्ष्मीनं मग पाहुण्यांची वही पुढे केली. नाव, गाव, सही. भाऊसाहेबांनी माझ्या देखत उभ्या जन्मात कुठल्या कागदावर सही करायची संधी सोडली नव्हती. त्या दिवशी ते म्हणाले, पेनात शाई नाही. खिशाला दोन पेनं लावलेली होती. वहिनींनी त्यातलं एक काढून घेतलं आणि वहीत लिहिलं, श्रीमती कुमुद घटाटे, फरीदाबाद, सोबत एक इसम.

नंतर त्या कट्ट्यावर कपाळावर हात धरून तासभर उभ्या राहिल्या. गरुड आला, पायात मासा होता, घरट्यावर उतरला. घरट्यात काहीतरी हललं. एक की दोन, ते कळेना. पुन्हा आला, पुन्हा हललं. एवढा समुद्र ओलांडून आल्यावर फरीदाबादला दिसत होतं तेवढंही दिसेना म्हणून वहिनींना रडू आलं. भाऊसाहेब शेजारी स्वेटर हातात घेऊन उभे होते. ते पत्र लिहिणारा मीच, एवढं त्यांना म्हणता आलं असतं.

परतीच्या होडीत वहिनी एकच वाक्य बोलल्या. "अहो, तुम्ही त्या पोरीला पिल्लं किती ते विचारता आणि तिला बघूही देत नाही."

त्यानंतर घरी जे बोलणं झालं ते जेवण वाढलंय आणि गॅस संपलाय एवढंच.

जानेवारीत भाऊसाहेबांनी मला दुर्बिणीची जुनी फाइल काढायला सांगितली. मी कशाला ते विचारलं नाही. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे टिपण लिहून फाइल पुढे ठेवली: या विषयावर शाखेचा पूर्वीचा अभिप्राय स्पष्ट आहे, नवीन मुद्दा नाही, सबब फेरविचाराची आवश्यकता दिसत नाही. खाली त्यांचंच वाक्य अवतरणात दिलं. भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं.

"चांगला तयार झालास तू," ते म्हणाले. स्तुती करताना माणसाचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

दुपारी जेवायला न जाता ते लिहीत बसले. चौतीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या शेऱ्याविरुद्ध कधी शेरा लिहिला नव्हता. संध्याकाळी फाइल माझ्याकडे आली तेव्हा त्यात तीन ओळी होत्या. मूळ इंग्रजी, मराठीत सांगतो. "माझा पूर्वीचा अभिप्राय चुकीचा होता. दि. २० डिसेंबर रोजी जागेवर उभे राहून खात्री केली. पत्नीला दिसले नाही."

वरच्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. बाकी ठीक आहे, पण पत्नीचं वाक्य तेवढं काढा, सरकारी फाइलीत पत्नीचा काय संबंध, असं ते म्हणाले. भाऊसाहेब उभेच राहिले.

"साहेब, फाइलीत तोच एक नवीन मुद्दा आहे."

ते वाक्य राहिलं. फाइल वर गेली. शेऱ्याखाली तीन अधिकाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे "पाहिले" असं लिहून सह्या केल्या. मार्चमध्ये मंजुरी निघाली आणि एकतीस तारखेला भाऊसाहेब हार घालून घरी गेले. वहिनींना त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांचा स्वभावच तसा, चूक कबूल करायची तर तीही योग्य मार्गानं, खालून वर.

मला राहवेना. मी त्या पानाची झेरॉक्स काढली, जे नियमात बसत नव्हतं, आणि रविवारी फरीदाबादला नेऊन वहिनींच्या हातात दिली. त्यांनी अर्थ विचारून विचारून ते वाचलं. शेवटच्या ओळीवर बराच वेळ थांबल्या. मग खालच्या सह्यांवर बोट ठेवून हे कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, मोठे साहेब, तिघांनी "पाहिले" लिहिलंय.

"बरं झालं, त्यांना तरी दिसलं," वहिनी म्हणाल्या आणि डोळे पुसत इतक्या हसल्या की भाऊसाहेब आतून चहाचं भांडं हातात घेऊनच बाहेर आले.

पुढच्या जानेवारीत शाखेत वार्षिक अहवाल आला. घरट्यांच्या तक्त्याला एक चिठ्ठी टाचली होती, हिंदीत, विजयालक्ष्मीच्या हातची. दुर्बीण पोचली. मंजुरीसोबत आलेल्या शेऱ्यातली तारीख पाहुण्यांच्या वहीत पाहिली, कुणाचा शेरा ते कळलं. त्या मॅडमना सांगा, दोन आहेत.

मी त्याच संध्याकाळी बसमधून उतरून थेट त्यांच्याकडे गेलो. वहिनींनी चिठ्ठी वाचली आणि आत हाक मारली, "अहो, दोन आहेत."

आतून भाऊसाहेबांचा आवाज आला.

"नेमकी?"

"नेमकी," वहिनी म्हणाल्या.