काटेवाल्या काकांची हलकी चेन

हातात काहीही आलं की काका ते दोनदा हलकेच झेलायचे, डोळे अर्धवट मिटायचे आणि वजन सांगायचे. "सातशे वीस. बराबर हाय." मग ते वांगं असो, माझा डबा असो, नाहीतर कुणाचं लेकरू. शेजारच्या घरी बाळ झालं तेव्हा बघायला गेले आणि उचलून म्हणाले, "तीन किलो शंभर." दवाखान्याच्या कागदावर तीन किलो ऐंशी ग्रॅम होतं. काकांनी कागद परत दिला. "लंगोट धरलेला न्हाई त्यांनी," म्हणाले.

जालन्याच्या एमआयडीसीत सळया करणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं वजनकाटा सांभाळला. लोखंडाचे ट्रक काट्यावर चढायचे, काका खिडकीतून आकडा बघायचे. गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. लहानथोरांचे ते काटेवाले काका. टनांत आयुष्य काढलेला हा माणूस म्हातारपणी ग्रॅमवर कसा आला, ते सांगते.

निवृत्त झाल्यावर माणसं गच्चीवर कुंड्या लावतात. आमच्या काकांनी पुण्याहून साडेसातशे सीसीची जुनी मोटारसायकल आणली. ती गल्लीत शिरली तेव्हा माझ्या फडताळातली भांडी वाजली. समोरच्याच दारात काकू उभ्या होत्या. सव्वादोनशे किलोचं ते धूड त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि एवढंच विचारलं, "ठेवणार कुठं हिला?"

प्रश्न खरा होता. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून त्यांच्या घराचं जोतं उंच बांधलेलं, आणि रस्ता अरुंद, त्यामुळे दारासमोरचा उतार आखूड आणि चांगलाच खडा. पहिल्या दिवशी काकांनी इंजिन चालू ठेवूनच गाडी वर घेतली. मूठ जरा जास्त पिळली गेली आणि गाडी थेट ओसरीतल्या पाण्याच्या टाकीवर. काकांना खरचटलंही नाही, गाडीला काही झालं नाही, टाकी मात्र फुटली. काकूंनी तिथंच, सगळ्या गल्लीच्या देखत, अट घातली. "आजपासून इंजिन बंद करून, ढकलत चढवायची. आणि ज्या दिवशी त्याच्यासाठी कुणाला हाक माराल, त्या दिवशी गाडी विकायची."

"मंजूर," काका म्हणाले. ते नखशिखांत भिजलेले होते, दुसरं काही म्हणायची सोयही नव्हती.

तेव्हापासून संध्याकाळी सहाला आमच्या गल्लीत रोजचा कार्यक्रम. काका फेरी मारून यायचे, इंजिन बंद करायचे, हँडल धरून थोडं मागं सरकायचे आणि एका दमात गाडी वर. आम्ही आपापल्या दारांत उभ्या. गाडी चढली की सगळ्यांनाच हायसं वाटायचं.

वर्षभरात तो एक दम पुरेना. मधे थांबावं लागायला लागलं. काकांचा चेहरा लालबुंद व्हायचा. मग त्यांनी गाडीचं वजन कमी करायला घेतलं. आधी पुढचा गार्ड गेला, मग बाजूची पेटी, मग सीटमागची टेकण. पेट्रोल अर्ध्या टाकीच्या वर भरायचं नाही असं ठरलं. सुटा झालेला प्रत्येक भाग दोनदा झेलून त्याचं वजन जाहीर व्हायचं.

"पोट कमी करा आधी," काकू म्हणाल्या.

"पोट गाडीवर कुठं असतंय? चढवताना ते माझ्यासंगं पायी चालतंय," काका म्हणाले.

सगळं काढून झालं तरी गाडी जडच. मग मोबाइलवर त्यांना कुठून तरी कळलं, की शर्यतीवाले जड चेन काढून हलकी, पातळ चेन बसवतात. झालं. मोंढ्याच्या बाजाराजवळच्या मिस्त्रीकडं रोजच्या खेपा सुरू झाल्या. मिस्त्रीनं आधी समजावून पाहिलं. "चाचा, पातळ चेन जुन्या दात्यांवर बसत न्हाई, पुढचं-मागचं दोन्ही दात्यांचे चाकं बदलावे लागतेत. आणि एवढ्या ताकदीच्या गाडीला हलकी चेन जल्दी झिजते. रोज बघावं लागंल. तुटली तर पायच घिऊन जाईल."

"रोज बघीन. मला दुसरं काम काय हाय?" काका म्हणाले.

चेन आली. जुनी आणि नवी, दोन्ही सामानं वेगवेगळ्या पिशव्यांत घालून काका माझ्याकडं आले. मी बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासायचं काम करते. "ताई, तुमच्या काट्यावर तोलून आणा. माझ्या हाताला फरक एक किलो दोनशे लागून राह्यला." मी बावळट, घेऊन गेले. गेटवरच्या वॉचमननं पिशवीत डोकावून विचारलं, "म्याडम, हे कोणतं वाण?" महिनाभर मला कंपनीत हाच प्रश्न ऐकावा लागला.

फरक भरला एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम. वीस ग्रॅमसाठी काकांनी दोन्ही पिशव्या पुन्हा झेलून पाहिल्या. मग म्हणाले, "तुमचा काटा तपासून घ्या एकदा."

"एवढ्यापेक्षा माझी परात जड हाय," काकू म्हणाल्या.

पण खरं सांगते, ज्या दिवशी नवी चेन बसवून आणली त्या संध्याकाळी मीच साडेपाचला दारात येऊन उभी राहिले. ह्या वेळी जमलं नाही तर हाक मारावी लागणार आणि गाडी जाणार, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. काकांनी इंजिन बंद केलं, हँडल धरलं, ढकललं. गाडी सरसर वर गेली, कुठं अडली नाही की थांबली नाही. वरून काकांनी आमच्याकडं पाहिलं आणि फक्त चेनकडं बोट दाखवलं.

मला काही हे पटेना. दोनशे किलोत एका किलोनं एवढा फरक? माझी स्कूटी घेऊन मिस्त्रीकडं गेले होते तेव्हा विचारलं. तो हसला. "वजनानं काय होतंय ताई? जुनी चेन कोरडी ठणठणीत, वरून कसून ताणलेली. सपाट रस्त्यावर पण गाडी जाम चालत होती. ही नवी, तेलातली, चाक मोकळं फिरतंय."

"मंग त्यांना सांगितलं का न्हाई?"

"कशाला? हलकी हाय म्हणून रोज बसून पुसतेत, तेल देतेत. जुनीला कधी दिलं होतं?"

मीही मग तोंड बंद ठेवलं.

त्यानंतरची तीन वर्षं काकांनी मजेत काढली. दर रविवारी जालन्याकडच्याच टेंभुर्णीला, भावाच्या शेतावर. मागची टेकण काढलेली, त्यामुळे काकूंना धरायला काही उरलं नव्हतं. सुरुवातीला त्या दोन बोटांनी काकांचा शर्ट धरायच्या, नंतर खांद्यावर हात ठेवून ऐटीत बसायला लागल्या. येताना मांडीवर पिशवीत हरभरा नाहीतर वाटाण्याच्या शेंगा. गाडी थांबली की काका पिशवी झेलायचे. "दोन किलो चारशे."

आता दोघंही पुण्याला लेकीकडं राहतात. गाडीही गेली, काकांनी स्वतः चालवत नेली. तिकडं खाली सपाट पार्किंग आहे म्हणे, चढवायचं कामच नाही. गल्लीत सहा वाजता आम्ही अजून दारात येतो आणि उगाच एकमेकींना भाजी काय केली ते विचारतो. मला फार आठवण येते त्यांची, खोटं कशाला बोलू?

पण ते जायच्या आधीच्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ सांगायची राहिली. काकांना चिकनगुनिया होऊन गेला होता. ताप उतरला, पण मनगटं आणि गुडघे धरलेलेच. महिन्याभरानं पहिल्यांदा गाडी बाहेर काढली, फेरी मारून आले. काकू माझ्या ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. काकांनी ढकललं आणि गाडी अर्ध्यात अडली. काका ब्रेक दाबून उभे राहिले. पुन्हा जोर लावला, पुन्हा तिथंच. मी उठले, तर काकूंनी माझा हात दाबून मला खाली बसवलं.

काकांनी मान वळवली नाही. कुणाला हाक मारली नाही. तसेच उभे राहिले, हँडलवर वाकून.

काकूंनी मांडीवरच्या शेंगा माझ्या ताटात ओतल्या, पदर खोचला आणि रस्ता ओलांडून गेल्या. मागच्या सीटला दोन्ही तळवे लावले आणि सगळं अंग टाकून रेटलं. गाडी हलली, चढली, वर गेली.

वरून काका समोर भिंतीकडं बघतच म्हणाले, "अजून बी हलकी चालून राह्यली चेन."

"हो. हलकीच हाय," काकू म्हणाल्या आणि परत येऊन बसल्या. त्यांना धाप लागली होती.

मला राहवलं नाही. "काकू, तुमची अट?"

त्यांनी ताटातली शेंग उचलली. "त्यांनी कुठं हाक मारली कुणाला?" म्हणाल्या, आणि सोलायला लागल्या.